मालवणच्या खाडीचं पाणी आणि माझ्या चार बरण्या

मालवणला कसं जावं, असं मला कोणी विचारलं की मी उलट विचारतो, बरोबर काय नेताय? कपडे, टोपी, कॅमेरा असं काही असेल तर खुशाल जा, कुठूनही जा, मजा करा. मी काचेच्या चार बरण्या नेल्या होत्या. त्यात हिरवट पाणी होतं आणि त्या पाण्यात सुईच्या टोकाएवढे लाखो जीव होते. ते जिवंत न्यायचे, जिवंत ठेवायचे आणि वाढवायचे, एवढंच माझं काम होतं. साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पंचविशीतला, मुंबईत माशांवर काम करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत नव्याने चिकटलेला, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. पुतणीने हा ब्लॉग उघडून दिला, म्हणाली, काका, प्रवासाचं काहीतरी चांगलं लिही. चांगलं कुठून आणू? जे झालं ते लिहितो.

आधी काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ नको. माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की तीन-चार दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतं. मग पिशवी संपते, तोंड उघडतं, आणि त्याला लगेच खायला लागतं. तेही हलणारं, जिवंत. मेलेलं अन्न त्याच्यासमोर टाका, ढुंकून बघत नाही. त्यासाठी हे बारीक जीव पाळायचे. भिंगाखाली बघितलं तर त्यांच्या डोक्यावर चाक गरगरतंय असं वाटतं, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही त्यांना 'चाकवाले' म्हणायचो. ते हिरव्या पाण्यावर जगतात आणि पिल्लं त्यांच्यावर जगतात. आता हे चाकवाले म्हणजे इतके नाजूक, इतके लाडावलेले, की पाणी जरा बिघडलं की संपले. खारेपणा वाढला, मेले. ऊन लागलं, मेले. मुंबईत मी त्यांच्या मागे सहा महिने घालवले होते आणि माझा त्यांच्यावरचा जीव केव्हाच उडाला होता.

मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी आहे. तिथे आमच्या खात्याची एक शेड होती. शेड म्हणजे काय, झावळ्यांचं छप्पर, सिमेंटची एक टाकी आणि एक माणूस. माणसाचं नाव दत्ताराम. हा गडी सात वर्षं मुंबईत एका छापखान्यात होता. बायको इकडे, हा तिकडे, वर्षातून गणपतीला पंधरा दिवस भेट. मग ही शेड निघाली, खाडीची माहिती असणारा माणूस हवा होता, आणि दत्ताराम नोकरी सोडून घरी आला. दोन वर्षं झाली होती त्याला. पहिल्या साली काळुंदर माशाची थोडी पिल्लं जगली, पण पावसाचं गोडं पाणी टाकीत शिरलं आणि गेली. त्यानंतर दोनदा अंडी फुटली आणि दोन्ही वेळा पिल्लं उपाशी मेली, कारण चाकवाले आधीच मेलेले. आमचे वरिष्ठ म्हणाले, "शेवटची संधी. तुम्ही स्वतः जा, बघा, आणि लिहून द्या. नाहीतर ती शेड बंद." म्हणजे दत्ताराम परत छापखान्यात. निघताना मला याचं काही विशेष वाटलं नव्हतं, हे खरं ते सांगतो.

मे महिना होता. दत्तारामची तार आली, "अंडी घातली. लवकर या." लवकर कसं येणार? तेव्हा रेल्वे नव्हती कोकणात. एसटीने घाटातून जायचं तर बरण्यांचा चुराडा. उरली बोट. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची आणि एकेक बंदर घेत दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मालवणला लागायची. पावसाळ्यात बोट बंद, आणि माझ्या परतीची बोट ही हंगामातल्या शेवटच्या दोन-तीनांपैकी एक. तिकीट खालच्या डेकचं काढलं, कारण खात्याने तेवढेच पैसे दिले. खालच्या डेकवर जागा धरायची म्हणजे सतरंजी टाकायची आणि तिच्यावर बसून राहायचं. उठलात की गेली. मी उठूच शकत नव्हतो, कारण चार बरण्या मांडीशी धरलेल्या. शेजारी वेंगुर्ल्याला निघालेले एक काजूवाले चाचा होते. त्यांनी विजयदुर्गापर्यंत कळ काढली आणि मग विचारलंच.

"कसलं लोणचं म्हणायचं हे?"

"लोणचं नाही. माशांचं खाणं आहे. जिवंत."

त्यांनी बरणी उजेडाकडे धरायला सांगितली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सगळं मालवण समुद्रातून मासे खातं, आणि तुम्ही मुंबईहून माशांना खायला नेताय? बरंय." पण माणूस चांगला. देवगडला बोट हलायला लागली आणि मला कठड्याशी जाऊन ओकावं लागलं, तेव्हा त्यांनीच बरण्या धरून ठेवल्या.

मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर जायचं. शिडीवरून पडावात उतरताना एका हातात दोर आणि एका हातात दोन बरण्या, असं दोनदा. पडाववाला खालून ओरडतोय, "सायबा, तां लोणचा सांभाळून! पाण्यात पडला तर मगे माका सांगू नको!" पुन्हा लोणचं. समोर सिंधुदुर्ग किल्ला उन्हात पसरलेला, तुम्ही आता ज्याचे फोटो काढता तोच. मी त्याच्याकडे पाठ करून बरण्यांवर ओलं फडकं टाकत होतो.

राहण्याचं म्हणाल तर बाजारात एक खानावळ होती, वर दोन खोल्या. जेवण अप्रतिम, ढेकूणही अप्रतिम. सामान टाकलं आणि बरण्या घेऊन कोळंबला गेलो. चालत अर्धा तास, दोन्ही बाजूंना माड, रस्ता लाल मातीचा.

दत्ताराम दारातच होता. पस्तिशीचा, काटकुळा, खाकी हाफपँट इस्त्री केलेली. माझ्याशी बोलताना तो हाफिसातलं मराठी काढायचा.

"नमस्कार साहेब. प्रवास बरा झाला ना? बरण्यांना काही झालं नाही ना?" आणि मान वळवून घराकडे, "गो, साहेब इले! च्या ठेय!"

चहा आणणारी ती सुभद्रा, त्याची बायको. घर शेडच्या पाठीमागेच. तिने चहा दिला आणि सरळ बरणीपाशी जाऊन उकिडवी बसली. "होच जीव? ह्यांच्यासाठी ह्येंका रातची झोप नाय?" असं म्हणून नवऱ्याकडे बघून हसली. दत्ताराम लाजला. सात वर्षं एकमेकांना पत्रांतून बघितलेली माणसं ही. अजून नवी नवरा-नवरी असल्यासारखी वागायची.

टाकीत पाण्याखाली उभं केलेलं कौल होतं आणि कौलावर अंडी चिकटलेली. त्याच सकाळी ती फुटायला लागली होती. म्हणजे हिशोब सोपा, पिल्लांची तोंडं उघडायला चौथा दिवस उजाडणार. त्या सकाळपर्यंत माझे चाकवाले तयार पाहिजेत, भरपूर पाहिजेत. चौथ्या दिवशी सकाळीच परतीची बोट. मी म्हटलं, झकास, पिल्लांना पहिला घास देतो आणि बोट पकडतो.

टाकी भरतीच्या पाण्याने चरातून आपोआप भरायची, तिची काळजी नव्हती. चाकवाल्यांसाठी मुंबईहून पाठवलेली चिनी मातीची मोठी भांडी होती. त्यात खाडीचं पाणी भरायचं. सुभद्राने ते हंड्यातून आणलं, कपड्याने गाळून ओतलं. स्वच्छ, नितळ पाणी. मी क्षारमापक घातला, तापमान बघितलं, सगळं ठीक. दोन बरण्या ओतल्या. हात झटकले. दुपारी सुभद्राने बांगड्याची कढी आणि भात वाढला, तिरफळाचा वास अजून आठवतो. मी जेवलो आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन भिंग लावलं. सगळे मेलेले. तळाशी धुरळा बसावा तसे बसलेले.

मी दत्तारामवर भडकलो. "रात्री उघडं ठेवलं होतंत का? कुणी हात घातला? साबणाचा हात?" तो बिचारा हात मागे बांधून उभा. "नाही साहेब. झाकलं होतं साहेब." मग मी म्हटलं खारेपणा. मे महिन्यात खाडीचं पाणी आटून जास्त खारं होतं, ओहोटीला वेगळं, भरतीला वेगळं. दिवसभर उन्हात मी चरापाशी बसून दर तासाला पाणी मोजलं. डोकं भणभणलं, मान भाजली. भरतीचं पाणी मुंबईच्या पाण्याएवढंच खारं होतं, म्हणून संध्याकाळी भरतीचं पाणी आणवलं, त्याच हंड्यातून, आणि तिसरी बरणी ओतली. जाताना टाकीत बघितलं. पिल्लं कौलाखाली गोळा होऊन शेपट्या हलवत होती, पोटाखाली पिवळा ठिपका. ठिपका कालच्यापेक्षा लहान.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिसरी बरणीही गेलेली. आणि जे हिरवं पाणी होतं ते फिकं पडलेलं, धुतल्यासारखं.

"आधी पेज खावा," सुभद्रा म्हणाली. "मेले ते खंय पळान जातत?"

मला राग यावा की हसू, कळेना. मी पेज खाल्ली, सुकटाची कोशिंबीर खाल्ली आणि चौथी बरणी दत्तारामच्या हातात दिली. "ही सावलीत ठेवा, आणि तिच्यात हंड्यातलं फक्त ओंजळभर ताजं पाणी घाला, बस." आणि मी होडी करून खाडीत वर गेलो. कारण आता माझा संशय सोडणांवर. नारळाची सोडणं काथ्यासाठी खाडीत कुजत घालतात, तिथे पाणी काळं होतं आणि वास येतो. म्हटलं, हेच विष. होडीवाला म्हातारा, कान तिखट. मी बाटल्यांत पाणी भरतोय आणि सोडणांना शिव्या घालतोय हे ऐकून त्याने वल्हं थांबवलं.

"सोडणां माज्या आज्यापासून हंयच कुजतत. एक मेल्लो मासो माका दाखव, मगे बोल."

मी इकडेतिकडे बघितलं. बोटाएवढे मासे त्या काळ्या पाण्याच्या कडेला थव्याने फिरत होते. मेलेला एकही नाही. मी बाटलीचं बूच लावलं आणि परत चल म्हटलं. अर्धा दिवस वाया, अंगाला कुजका वास, आणि वर म्हाताऱ्याने होडीचं भाडं घासाघीस न करता पुरेपूर घेतलं.

परत आलो तर दत्ताराम चौथ्या बरणीजवळ बसलेला. त्याच्या तोंडावरूनच कळलं. मी भिंगसुद्धा काढलं नाही.

मी खरंच हात टेकले. म्हटलं, संपलं. लिहून देतो, या जागेचं पाणी चाकवाल्यांना मानवत नाही, कारण अज्ञात, शेड बंद. उद्या सकाळची बोट पकडतो आणि या ढेकणांतून सुटतो. अंगाचा वास घालवायला विहिरीवर गेलो. सुभद्रा तिथे हंडा घासत होती. तांब्याचा मोठा हंडा, तिच्या माहेरचा. सोलं आणि राख घेऊन ती असा घासत होती की तो उन्हात डोळ्यांवर येत होता. सोलं म्हणजे आमसुलं. आंबट, तांबं त्याने लखलखतं. घासून झाल्यावर तिने हंडा धुतला आणि ते पाणी दगडावरून वाहत गेलं.

मी त्या दगडाकडे बघत उभा राहिलो. विहिरीभोवती सगळीकडे शेवाळ होतं, पाय घसरेल एवढं. पण जिथे हंड्याचं पाणी रोज वाहायचं, त्या वाटेवर शेवाळाचा एक धागा नाही. नुसता कोरा दगड.

आता सांगा, मुंबईच्या प्रयोगशाळेत टाक्यांमधलं शेवाळ मारायला आम्ही काय घालत होतो? मोरचूद. तांब्याचा क्षार. चिमूटभर घातला की हिरवं पाणी पांढरं. आणि त्या टाक्यांत चाकवाले चुकूनही नेत नव्हतो, कारण ते तर शेवाळाच्याही आधी मरतात. हे मला माहीत होतं! इथे पावसाआधी सुपारीवाले तोच मोरचूद चुन्यात कालवून फवारतात, तो मी दोन दिवस येता-जाता बघत होतो! आणि तीन दिवस मी आंबट घालून घासलेल्या तांब्याच्या हंड्यातलं खारं पाणी माझ्या हाताने चाकवाल्यांवर ओतत होतो. बैलोबा.

"हंडा!" मी ओरडलो. "दत्ताराम! हा हंडा!"

तो धावत आला. मी भराभर सांगितलं, तांबं, आंबट, खारं पाणी, शेवाळ. सुभद्राच्या हातात सोलं तशीच राहिली.

"म्हंजे मियाच मारलंय तेंका?"

"तसं नाही, वहिनी. तांब्याचा गुण आहे तो."

"दोन वर्सां घासतंय सायबानू. रोज. एक दिस खाडो पडाक नाय. ह्येंचा काम रवाचा म्हणान."

दत्ताराम पटकन म्हणाला, "तिची चूक नाय, साहेब. हाफिसच्या पत्रातच होता तसा." आणि घरात जाऊन पत्र्याच्या पेटीतून पत्र घेऊन आला. घडीवर घडी घातलेलं, कडा जपलेल्या. मी वाचायच्या आधीच मला घाम फुटला होता. 'मातीची भांडी ताबडतोब बंद करावीत. पाणी रोज स्वच्छ घासलेल्या धातूच्या भांड्यातूनच भरावे.' खाली सही वरिष्ठांची. मजकूर माझा. पहिल्या सालची पिल्लं गेली तेव्हा वरिष्ठांनी काहीतरी सूचना काढायला सांगितली होती आणि मी जेवायच्या सुट्टीआधी दहा मिनिटांत ती खरडली होती. मडकी म्हणजे गलिच्छ, असं आपलं माझं मत. धातू कुठला, याचा विचारसुद्धा केला नव्हता. आमच्याकडे इनॅमलची भांडी होती. कोकणात घरोघरी तांब्याचे हंडे असतात, हे मला कळायला काही समुद्रशास्त्र लागत नव्हतं.

मी पत्राची परत घडी केली. "हाफिसात कुणीतरी लिहिलं असेल," मी म्हणालो. एवढंच. त्यावेळी मला वाटलं, आता पिल्लं महत्त्वाची, हे नंतर बघू.

पण पिल्लांना घालायचं काय? चारही बरण्या मेलेल्या, तोंडं सकाळी उघडणार. मुंबईहून नवे आणायचे तर चार दिवस. मी पायरीवर बसून डोकं धरलं. तेव्हा दत्ताराम पुढे आला, पुन्हा हाफिसातल्या मराठीत.

"साहेब, रागावणार नसलात तर एक सांगू?"

"सांगा आता, काय राहिलंय रागवायचं?"

तो शेडच्या मागे गेला, रचलेल्या झावळ्यांचा ढीग बाजूला केला, आणि एक मडकं उचलून आणलं. जुनं, काळपट, गळ्यापर्यंत खाडीच्या पाण्याने भरलेलं. पाणी गडद हिरवं. मी भिंग लावलं. चाकवाले! गच्च! आमच्या मुंबईच्या बरण्यांत कधी नव्हते एवढे, खाडीतलेच, आपोआप वाढलेले.

"हे केव्हापासून आहे?"

"तुमचं पत्र यायच्या आधीपासून. एक ठेवलं होतं बाजूला. ह्यातले मरत नाहीत. तुम्ही येणार कळलं म्हणून लपवलं."

"लपवलं? अहो, लपवलं कशाला? तीन दिवस मी इथे उन्हात करपतोय, खाडीभर हिंडतोय, आणि तुम्ही—"

"लेखी होता, साहेब." त्याचं हाफिसातलं मराठी गळून पडलं. "मडकी बंद म्हणान लेखी इल्ला. लेखी मोडून कसा चलात? नोकरी गेली तर?"

याला काय म्हणावं? नोकरी जाऊ नये म्हणून त्याने नोकरी वाचवणारी एकमेव गोष्ट झावळ्यांखाली दडवली होती. मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं, कारण ज्या लेखीला तो भ्यायला होता ते माझं होतं.

रात्रीच्या आत सुभद्राने शेजारपाजारची मडकी गोळा केली. मोडकी, काठ उडालेली, जशी मिळाली तशी. खाडीचं पाणी मडक्यांतूनच आणलं, एका मडक्याचे चाकवाले पाच मडक्यांत वाटले. चौथ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघे टाकीवर. पिवळे ठिपके संपले होते. दत्तारामने मलमलच्या तुकड्यात चाकवाले गाळले आणि टाकीच्या कोपऱ्यात हळूच सोडले. पंधरा मिनिटं काहीच नाही. बंदरावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. दत्ताराम म्हणाला, "साहेब, तुमची बोट." मी म्हटलं, "जाऊ दे." आयुष्यात मी फार थोड्या वेळा शहाणपणाचं बोललो, त्यातलं हे एक.

वाटीत काढलेल्या पाच पिल्लांवर मी भिंग धरलं आणि सुभद्राला बोलावलं. तिने एक डोळा मिटला, दुसरा लावला, आणि एकदम ओरडली, "अगो बाये! पोटां भरली तेंची!" खरंच, काचेसारख्या पोटात हिरवट ठिपके. दत्तारामने भिंग घेतलं आणि बराच वेळ दिलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि मला दाखवायचे नव्हते.

मी आणखी तीन दिवस राहिलो. पिल्लं वाढत होती, एकही दिवस उपाशी नाही. सुभद्राने घावणे केले, फणस कापला, निघताना आमसुलांची पुडी बांधून दिली. हंडा मात्र मला पुन्हा दिसला नाही. विचारलं तर म्हणाली, ठेयलंय खंय तरी, आणि विषय बदलला.

परतीचं सांगतो, ज्यांना जायचंय त्यांनी टाळावं म्हणून. बोट चुकली, पुढची भरलेली. एसटीने मालवणहून सावंतवाडी, तिथून आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर, पुढे रेल्वे, मध्ये गाडी बदलणं. घाटात धुकं, शेजारी कोंबड्यांची पाटी, मागच्या बाकावर भांडण. आंबोलीला टपरीवर चहा आणि गरम भजी मिळाली, तेवढंच सुख. मुंबईला पोचलो तेव्हा अंगात ताप होता.

तापातच अहवाल लिहिला. काय लिहायचं हे मी सगळ्या घाटभर ठरवत आलो होतो. लिहायला हवं होतं की सूचना चुकीची होती, ती मी लिहिली होती, पाणी उत्तम आहे, माणूस उत्तम आहे. मी नोकरीत कच्चा होतो, कायम व्हायचं होतं. मी लिहिलं, 'स्थानिक भांड्यांमुळे पाण्यात दोष उत्पन्न होत होता. तो दूर केला. पिल्ले सुस्थितीत.' यातला एक शब्दही खोटा नव्हता. वरिष्ठांनी वाचलं आणि विचारलं, "म्हणजे दोन वर्षं हे लोक आपलंच अन्न आपल्याच भांड्यांनी मारत होते?" मी हो म्हणालो. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'स्थानिक व्यवस्था भरवशाची नाही.' पावसाळा संपल्यावर शेड बंद झाली. मी त्याच वर्षी कायम झालो.

दिवाळीनंतर दत्ताराम प्रयोगशाळेत मला भेटायला आला. परत छापखान्यात लागला होता, बोटांना शाई. हातात पिशवी, त्यात सुके बांगडे, सुभद्राने दिलेले. मला वाटलं, आता हा विचारणार. त्याने विचारलं नाही. तो माझे आभार मानायला आला होता.

"तुम्ही आमच्या बाजूने लिहिलंत, साहेब. तरी वरच्यांनी ऐकलं नाही. आमचं नशीब." मग तो घुटमळला आणि त्याचं मराठी बदललं. "एक काम होता. तिका वाटता, शेड तिच्यामुळे गेली. दिसभर ताच घेऊन बसता. माजा ऐकना नाय. तुमी दोन वळी लिवा तिका. तुमचा लिवलेला ती खरा मानतली."

मी त्याच्यासमोर बसून कार्ड लिहिलं. 'सौ. वहिनींस नमस्कार. शेड बंद झाली त्यात तुमची काही चूक नव्हती.' चूक कोणाची होती, ते लिहायला कार्डावर जागा भरपूर होती. मी सही केली. दत्तारामने कार्ड दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि समाधानाने गेला.